झेंडावंदनाचा घरचा खाऊ

ऑगस्ट लागला की तासगावात शाळकरी मुलांच्या घरी दोन गोष्टींची धावपळ सुरू होते. एक पांढऱ्या गणवेशाची आणि दुसरी झेंडावंदनानंतर वाटायच्या खाऊची. आमच्या लहानपणी खाऊचा प्रश्न सोपा होता. लिमलेटच्या दोन गोळ्या हातावर पडत, नाहीतर कागदात बांधलेली जिलेबी मिळे. सांगली-कोल्हापूर भागात १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला जिलेबी खायची रीत आजही आहे. त्या दिवशी सकाळपासून चौकाचौकांत कढया लागतात.

अलीकडे मात्र घराघरांत एक नवा पदार्थ आला आहे. त्याला केक पॉप म्हणतात. नाव परके असले तरी वस्तू ओळखीची आहे. केकचा चुरा क्रीममध्ये किंवा कंडेन्स्ड मिल्कमध्ये मळायचा, त्याचे लाडू वळायचे, काडीला टोचायचे आणि वितळलेल्या चॉकलेटमध्ये बुडवायचे. मग वरून केशरी, पांढरा आणि हिरवा रंग द्यायचा. थोडक्यात, काडीवरचा लाडू. मोबाईलवर पाहून आया हौसेने करतात आणि मुलेही आनंदाने खातात.

गेल्या आठवड्यात एक आई मुलाचा खोकला दाखवायला आली होती. ती स्वतः लहानपणापासून माझ्याकडेच औषधाला येणारी. जाता जाता म्हणाली, "डॉक्टर, यंदा वर्गासाठी साठ केक पॉप करायचे आहेत. बाहेरचे काही नको म्हटलं, घरीच करते. घरचं चांगलंच ना?"

एरवी मी लगेच "हो" म्हटले असते. तीस वर्षे पालकांना मी हेच सांगत आलो आहे. बाहेरचे बंद करा, घरचे द्या. पण या वेळी मी तिला खुर्चीवर बसायला सांगितले. तिला जे सांगितले, तेच आज सर्व वाचकांसाठी लिहीत आहे.

२०२३ सालच्या १५ ऑगस्टची गोष्ट. दुपारी बाराच्या सुमारास एका बालवाडीतले मूल उलट्या होतात म्हणून दवाखान्यात आले. पाठोपाठ दुसरे आले. दोन वाजेपर्यंत चौदा मुले झाली. बाकावर जागा उरली नाही, तेव्हा आयांनी व्हरांड्यात सतरंजी अंथरली. मुलांना ताप नव्हता. पोटात कळा आणि एकामागून एक उलट्या, काहींना जुलाब. चार मुलांना सलाईन लावावे लागले. रात्रीपर्यंत सगळी सावरली आणि दुसऱ्या दिवशी खेळू लागली.

सगळ्यांनी साडेनऊच्या सुमारास एकच पदार्थ खाल्ला होता. तो वर्गातल्याच एका मुलाच्या आईने केला होता. तिचे स्वतःचे मूलही त्या चौदांत होते. गावात चर्चा झाली ती रंगाची. हिरव्या रंगात विष होते इथपर्यंत बोलणे गेले. त्या बाईंनी रंगाची पुडी माझ्यासमोर आणून ठेवली. पुडी चांगल्या दुकानातली होती, तिच्यावर परवाना क्रमांक होता आणि रंगही चिमूटभरच वापरला होता. मग मी त्यांना आदल्या रात्रीचा क्रम विचारला.

क्रम असा होता. संध्याकाळी केक आणला. तो कुस्करून क्रीम आणि दूध पावडर घालून हाताने मळला. विळीवर बोट कापले होते, त्यावर चिकटपट्टी होती. रात्री नऊला लाडू वळून झाले. फ्रीजमध्ये साठ काड्या मावेनात, शिवाय लाईटही ये-जा करत होती. म्हणून परात झाकून ओट्यावर ठेवली. सकाळी चॉकलेटचा लेप दिला आणि डबा शाळेत गेला. वळल्यापासून खाईपर्यंत बारा तास झाले होते.

खाऊचा नमुना तपासायला शिल्लक नव्हता. पण खाल्ल्यानंतर दोन-तीन तासांत उलट्या, ताप नाही आणि एका दिवसात आराम, हे चित्र डॉक्टरांच्या चांगले ओळखीचे आहे. स्टॅफिलोकॉकस नावाचा जंतू हे करतो. हा काही गटारातला जंतू नव्हे. तीन निरोगी माणसांपैकी साधारण एकाच्या नाकात तो राहतो. कापलेल्या बोटावर, पिकलेल्या फोडावर, नखाच्या कडेला तो असतोच. आपल्याला त्याचा त्रास होत नाही. पण ओलसर, दुधाळ, गोड पदार्थात तो पडला आणि पदार्थ ऊबदार जागी राहिला, की तो वाढू लागतो. दर पाऊण तासाला दुप्पट होतो असे धरले, तरी रात्री नऊला असलेले शंभर जंतू सकाळी सहाला चार लाखांच्या वर जातात. वाढताना तो पदार्थात एक विष सोडतो. या विषाला वास नाही आणि चवही नाही. मुख्य म्हणजे पदार्थ उकळला तरी जंतू मरतो, विष राहते. त्यामुळे "सकाळी परत गरम केले होते" या म्हणण्याला अर्थ उरत नाही.

आता जिलेबीकडे पाहा. जिलेबी उकळत्या तेला-तुपातून निघते आणि थेट पाकात पडते. तिला हात लागत नाही, झारा लागतो. पाकातली साखर पाणी धरून ठेवते आणि जंतूंना वाढायला मोकळे पाणी मिळत नाही. म्हणूनच आमच्या पिढीने इतकी वर्षे झेंडावंदनाची जिलेबी खाल्ली, तरी १५ ऑगस्टच्या दुपारी दवाखान्यात अशी रांग लागली नाही. जिलेबीचे दोष वेगळे आहेत. साखर फार, तेल पुन्हा पुन्हा तापवलेले आणि वर रंग. पण वर्गभर उलट्या होणे हा तिचा दोष नाही.

म्हणजे घरचे तेवढे निर्धोक आणि बाहेरचे तेवढे वाईट, अशी सरळ विभागणी करता येत नाही. जो पदार्थ आधी शिजतो आणि नंतर हाताने मळला-वळला जातो, ज्यात दूध, क्रीम किंवा खवा आहे आणि जो वळल्यावर तासन् तास बाहेर राहतो, तो धोक्याचा. मग तो बेकरीत झालेला असो की आईच्या हातचा. आपल्या आज्यांना जंतूंची नावे माहीत नव्हती, पण हिशेब माहीत होता. लाडवाच्या डब्यात ओला हात घातला की त्या रागवत. बेसनाचा, दाण्याचा, डिंकाचा लाडू भाजलेला आणि कोरडा असे, म्हणून तो पंधरा दिवस टिके. बासुंदी आणि खरवस मात्र त्याच दिवशी संपवले जात. केक पॉप दिसतो लाडवासारखा, पण जातीने तो बासुंदीच्या बाजूचा आहे. त्याला लाडवासारखे वागवले, तिथे चूक झाली.

ही चूक त्या बाईंची होती का? मला तसे वाटत नाही. त्यांना हे कोणी सांगितलेच नव्हते. "घरचे द्या" असे सांगणाऱ्या माझ्यासारख्या डॉक्टरांनी घरचे कसे द्यायचे ते सांगितले नाही. केवळ घरचे म्हटल्याने पदार्थ निर्धोक होत नाही, हे मी त्यांच्या प्रकरणातून शिकलो. त्या बाई पुढे कित्येक महिने बालवाडीच्या फाटकाशी थांबत नसत. मुलाला सोडून तशाच परत जात. चौदा मुले एका दिवसात बरी झाली, पण त्या माउलीचे दुखणे लांबले.

या प्रकारानंतर त्या बालवाडीने नियम केला. यापुढे घरचा खाऊ आणायचा नाही, बंद पाकिटातलाच आणायचा. शाळाचालकांची अडचण मी समजू शकतो. जबाबदारी त्यांच्यावर येते. पण हा उपाय मला पटत नाही. पाकिटातल्या खाऊने उलट्या होणार नाहीत कदाचित, पण मीठ, साखर आणि वनस्पती तूप पोटात जाईल ते वेगळे. सणाच्या दिवशी मुलांनी पाकीट फोडायला शिकावे आणि आईने केवळ दुकानात जावे, हे काही चांगले लक्षण नाही. घरचा खाऊ बंद करू नये. तो कोणता आणि कसा आणायचा, हे शाळेने ठरवून द्यावे.

आता रंगाविषयी. २०२३ मध्ये रंगावर आळ चुकीचा आला, म्हणून रंग निर्दोष ठरत नाही. आपल्या देशात खाद्यपदार्थांसाठी आठ कृत्रिम रंगांना परवानगी आहे आणि मिठाईत त्यांची मर्यादा किलोला १०० मिलिग्रॅम आहे. म्हणजे शुद्ध रंगाचा एक ग्रॅम दहा किलो खाऊची मर्यादा गाठतो. घरी कोण असे मोजून घालते? डोळ्यांना गडद दिसेपर्यंत घातला जातो. इंग्लंडमध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही कृत्रिम रंगांचे मिश्रण दिल्यावर मुलांमधला चळवळेपणा वाढलेला दिसला. युरोपात २०१० पासून अशा रंगांच्या पाकिटावर तशी सूचना छापावी लागते. त्यांत आपल्या केशरी खाऊतला सनसेट यलो आणि पिवळा टार्ट्राझिनही आहे. सुट्या, बिननावाच्या पुडीत तर कापडाचा रंगही असू शकतो. रोडामाईन-बी या गुलाबी रंगामुळे कर्नाटक सरकारने मार्च २०२४ मध्ये रंगीत बुढ्ढी के बाल आणि गोबी मंचुरियनमधल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली. ज्या पुडीवर खाद्यरंग असे स्पष्ट लिहिलेले नाही आणि चौदा आकडी परवाना क्रमांक नाही, ती घरात आणूच नये. जाता जाता एक दिलासा देतो. हिरवा खाऊ खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशी मुलाची शी हिरवी झाली, तर घाबरू नये. मूल खेळत असेल तर तो नुसता रंग असतो.

तिरंगी केक कापणे हा गुन्हा आहे का, असाही प्रश्न कोर्टात गेला होता. २०१३ मध्ये कोइमतूरला नाताळात तिरंगी केक कापला गेला होता. त्यावर मार्च २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने हा राष्ट्रध्वजाचा अपमान होत नाही, असा निकाल दिला. तेव्हा कायद्याची अडचण नाही. पण मला विचाराल, तर खाऊवर तिरंगा हवाच कशाला? याच तासगावात ३ सप्टेंबर १९४२ रोजी लोकांनी मोर्चा काढून कचेरीवर तिरंगा लावला. ही गोष्ट आजोबांनी नातवाला लाडू वळता वळता सांगावी. लाडू गुळाच्या रंगाचा असला तरी ती गोष्ट तितकीच रंगेल.

साखरेचाही हिशेब सांगतो. तीनशे ग्रॅम बिस्किटे किंवा केक, दोनशे ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क आणि तीनशे ग्रॅम पांढरे चॉकलेट यांचे तीस केक पॉप होतात. एकात साधारण तीन चमचे साखर येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलेली चांगली मर्यादा धरली, तर चार-पाच वर्षांच्या मुलाला वरून घातलेली साखर दिवसभरात चार चमच्यांच्या आत हवी. एका दिवसाने काही बिघडत नाही, हे खरे. पण वाढदिवस, सण, पाहुणे असे "एक दिवस" महिन्यात दहा येतात. मे २०२५ मध्ये केंद्रीय बोर्डाने आपल्या शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावायला सांगितले, ते यासाठीच.

मग त्या आईला मी काय करायला सांगितले? काडी राहू दे, मुलांना तिचीच गंमत वाटते. लाडू बदल. आपण बेदाण्याच्या गावात राहतो. तास-ए-गणेश ही द्राक्षाची जात याच तालुक्यातली. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. देशभर माल जातो आणि आपली मुले मात्र रंगीत साखर खातात.

प्रमाण असे. पंढरपुरी डाळे २०० ग्रॅम, भाजून साल काढलेले शेंगदाणे १५० ग्रॅम, बेदाणा १५० ग्रॅम, किसलेला गूळ १०० ग्रॅम आणि पातळ केलेले तूप दोन-तीन चमचे. बेदाणा आदल्या दिवशी कोमट पाण्यात दोनदा धुवावा आणि कापडावर पसरून पंख्याखाली पूर्ण कोरडा करावा. पिवळ्या बेदाण्याला गंधकाची धुरी दिलेली असते, म्हणून धुणे टाळू नये. दम्याच्या मुलांना गंधकाचा त्रास होऊ शकतो, त्यांच्यासाठी काळा बेदाणा घ्यावा आणि तो धुरी न दिलेला आहे का, हे दुकानदाराला विचारावे. डाळे आणि दाणे मिक्सरवर बारीक करावेत. त्यातच थोडा थोडा बेदाणा घालून फिरवावा, म्हणजे तो चिकटून बसत नाही. गूळ आणि तूप घालून मळावे. पाणी किंवा दूध घालू नये. लिंबाएवढे वीस-वीस ग्रॅमचे बत्तीस लाडू होतात. गॅस पेटवायचीही गरज नाही. मुलांचा तीन रंगांचा हट्टच असेल, तर तिसरा हिस्सा तसाच गुळाच्या रंगाचा ठेवावा, दुसरा हिस्सा सुक्या खोबऱ्याच्या किसात घोळवावा आणि उरलेल्यांवर हिरवा बेदाणा बारीक चिरून दाबावा. हिरवा रंग आपल्याच बाजारात मिळतो, त्यासाठी पुडी लागत नाही. असे लाडू आदल्या रात्री करून कोरड्या डब्यात ठेवले तरी चालतात. बेदाणा दातांना चिकटतो, म्हणून खाल्ल्यावर चूळ मात्र भरायला लावावी.

ज्यांना केक पॉपच करायचे आहेत, त्यांनीही जरूर करावेत, पण वेळ पाळावी. ते पहाटे करावेत. आदल्या रात्री केले तर लगेच फ्रीजमध्ये ठेवावेत. फ्रीजला जागा नसेल तर साठ न करता वीस करावेत. बाहेर काढल्यापासून दोन तासांत खाल्ले गेले पाहिजेत. भाषणे लांबली आणि खाऊ उन्हात राहिला, तर तो वाटू नये.

दोन्ही प्रकारांत हाताची काळजी सारखीच. अंगठ्या-बांगड्या काढून साबणाने नखांसकट हात धुवावेत आणि कोरडे करावेत. ज्याच्या हाताला जखम किंवा फोड आहे, ज्याला सर्दी किंवा जुलाब आहेत, त्याने त्या दिवशी वळायला बसू नये. घरात दुसरे हात असतात. नवऱ्याचे हातही लाडू वळू शकतात.

वयाकडेही पाहावे. चार-पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे, अख्खा बेदाणा किंवा मोठा गोल लाडू देऊ नये. तो फोडून द्यावा. घशात अडकलेला दाणा थेट श्वासनलिकेत जाऊ शकतो. त्यांच्या लाडवाला काडीही नको. मोठ्या मुलांनीही काडीवरचा खाऊ बसून खावा. काडी तोंडात धरून पळताना मूल पडले, तर ती टाळूत घुसते. डब्यावर एक चिठ्ठी चिकटवावी आणि तीत दाणे, दूध, गूळ जे काही घातले असेल ते लिहावे. वर्गात एखाद्याला दाण्याची ॲलर्जी असते. एखादी मुलगी मधुमेहासाठी इन्सुलिन घेत असते. प्रमाण लिहिलेले असले, की तिच्या आईला हिशेब करता येतो आणि तिला झेंडावंदनाच्या दिवशी बाजूला बसून राहावे लागत नाही.

इतके करूनही मुलाला उलट्या झाल्याच, तर घाबरू नये आणि आपल्या मनाने औषध देऊ नये. जीवनजलाची पुडी पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात विरघळवून चमच्या-चमच्याने पाजत राहावे. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. मूल सुस्त झाले, डोळे खोल गेले, सहा-आठ तास लघवी झाली नाही, शीतून रक्त पडले किंवा पाणीही पोटात राहत नसेल, तर वेळ न दवडता डॉक्टरांकडे न्यावे. आणि उरलेला खाऊ फेकू नये, झाकून फ्रीजमध्ये ठेवावा. कारण शोधायला तो लागतो.

मुख्याध्यापकांना आणि बालवाडीच्या ताईंना माझी विनंती आहे. घरच्या खाऊवर बंदी घालण्याऐवजी आधीच्या आठवड्यात पालकांना एक पानाची सूचना द्यावी. कोरडा खाऊ, सकाळचा खाऊ, बिनरंगाचा खाऊ आणि डब्यावर चिठ्ठी. एवढे चार शब्द पुरे आहेत.

त्या आईने सगळे नीट ऐकून घेतले. मग म्हणाली, "म्हणजे डॉक्टर, आईचेच लाडू करायचे, फक्त काडीवर." मी म्हटले, "अगं, तेच. आणि या वेळी २०२३ च्या त्या ताईंनाही मदतीला बोलाव. त्यांच्याइतकी काळजी आता कुणी घेणार नाही."